वेगळी बादली

"काय कमी होतं त्याले? कायले प्याला माहा लेक?"

धनीबाई वॉर्डाच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती. शेजारी तिची सून रामीबाई मान खाली घालून बसली होती. तिला उत्तर ठाऊक होतं. तिचा नवरा पूनमसिंग फवारणीचं औषध प्यायलाच नव्हता. पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि एरवी कधी न मिटणारं रामीबाईचं तोंड चार दिवसांपासून उघडत नव्हतं.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणारा पंपाची नळी वर धरी, आणि औषध झाडापेक्षा त्याच्याच अंगावर जास्त पडे. दिग्रसच्या आसपास माणसं आजारी पडू लागली, तसं रामीबाईच्या तांड्यात फवारणीची काळजी शिकवणारं सरकारी शिबिर झालं. रामीबाई त्यात धडाधडा बोलली, म्हणून शिबिराच्या साहेबांनी बायकांना शिकवायचं काम तिलाच दिलं. फवारणीचे कपडे त्याच दिवशी धुवा. वेगळ्या बादलीत धुवा. कपड्यातलं औषध घामासोबत कातडीतून आत जातं. हे ती अशा थाटात सांगे की पार महागावपर्यंत तिला बोलावणी येऊ लागली. साडीचोळी झाली, नारळ झाले. तांड्यातली चावट मंडळी तिला 'बादलीवाली मॅडम' म्हणत. तिला ते आवडायचं.

या कौतुकात घरची बादली कोरडी राहिली. तीन दिवस ती सकाळीच बाहेरगावी जात होती. पूनमसिंगचा शर्ट ती संध्याकाळी तारेवर टाकी आणि सकाळी तोच खुंटीला अडकवी. उन्हावाऱ्यानं औषध उडून जातं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. लोकांच्या बायकांना ती याच्या नेमकं उलट सांगत होती.

तिसऱ्या दिवशी पूनमसिंगनं शर्ट नाकाशी नेला.

"धुतला ना?"

"मंग! कालच तं धुतला."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि शर्ट अंगात घातला.

दुपारी तो फवारताना शेताच्या धुऱ्यावर कोसळला. धाकट्या भावानं, खेमसिंगनं, गाडी करून त्याला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. रामीबाई तेव्हा दुसऱ्याच गावात बायकांना बादली दाखवत होती. ती घरी पोचली तेव्हा तांडाभर पसरलं होतं, की पूनमसिंग औषध प्याला.

तिनं ते खोडून काढलं नाही. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. नवरा प्याला म्हटल्यावर शर्टाचं कोण विचारतं? नंतर तिला स्वतःची किळस आली, ती या हायसं वाटण्याची.

चौथ्या दिवशी खेमसिंग तिच्या मुलीला, वर्षाला, घेऊन आला. पूनमसिंग आता शुद्धीवर होता. वर्षानं खाटेजवळ जाऊन सरळच विचारलं, "बा, आमचा कंटाळा आलता काय तुले? शाळेत पोट्टे म्हणतात, तुह्या बापाले तुम्ही नको होते म्हणून प्याला."

तो 'नाही' म्हणाला असता तर विषय तिथेच मिटला असता. त्यानं वर्षाच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. तो आपल्यावर राग धरून आहे, असं रामीबाईला वाटलं. धरणारच. बापाकडे टक लावून बघणारी पोर तिच्यानं पाहवली नाही. ती उठली आणि थेट डॉक्टर गौरीमॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, माहा मालक प्याला नाही. मी त्याचा फवारणीचा शर्ट तीन दिवस धुतला नाही, अन् धुतला म्हणून खोटं सांगतलं. जगाच्या बायकायले शिकवत फिरली अन् घरच्या माणसाले मारत होती मी." तिला रडू आवरेना. "त्याच्या कागदावर प्याला लिवलं असन ते खोडा. माहं नाव लिवा. तांड्यात मी सोता सांगन."

गौरीमॅडमनी कागद काढून तिच्यासमोर धरला.

"बाई, तो प्यायला असं इथे कुठेच लिहिलेलं नाही. त्याच्या पोटात काही नव्हतं. विष कातडीतून गेलं होतं. आम्ही पहिल्या दिवसापासून फवारणीच लिहिलीय."

"मंग तांड्यात हे कोनं उठवलं?"

गौरीमॅडमनी कागद खाली ठेवला.

"आणलं तेव्हा तो बोलत होता. अंगातला शर्ट कापून काढताना मी विचारलं, हा कधी धुतला होता? मला त्यानं उत्तर दिलं नाही. भावाचा हात धरला आणि म्हणाला, 'खेम्या, तांड्यात सांगजो, मी प्यालो.'"