सात नंबरचं पाकीट

कॉलेजातल्या प्रयोगासाठी आम्हा दहा निरोगी विद्यार्थ्यांना मॅडमनी एकेक कॅप्सूल दिली होती. कुणाच्यात कॅफीन, कुणाच्यात नुसती साखर, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं; उत्तर नंबर घातलेल्या बंद पाकिटांत होतं. अर्ध्या तासात माझी नाडी एकशे अडतीसवर गेली, हातात पेन धरवेना. "मॅडम, लई धडधडतंय." "कॅफीनच ते, उतरेल," म्हणत त्यांनी माझं सात नंबरचं पाकीट फोडलं. आत चिठ्ठी होती: साखर. "पायल साखरेला घाबरली की!" पोरं हसली. मीही सुटल्यासारखी हसले. मॅडम मात्र माझं मनगट सोडेनात. "याआधी असं कधी झालंय?" "सोलापूरला आल्यापासून रोजच होतंय. आई म्हणते, हॉस्टेलवर चहा लई पितीस, म्हणून धडधडतंय." "आज किती प्यालीस?" मी बोटांवर दिवस मोजले. "प्रयोगासाठी आठ दिवस चहा बंदच आहे, मॅडम." मॅडमनी माझ्या फॉर्मवरचा 'निरोगी' शब्द खोडला.