वेळेवर बदललेली बाजू

“पालिकेचं पत्रक आलंय. घरापुढचा बर्फ बारा तासांत काढला नाही तर दंड,” एवढं सांगून लेक कामावर पळाली. तो रस्त्यावर टाकायचा नाही, ही पुढची ओळ सांगायची राहूनच गेली.

जळगावहून कॅनडात लेकीकडे आलेल्या अनसूयाबाईंनी फावड्याने सगळा बर्फ रस्त्यावर लोटला. शेजारचे पोलिश आजोबा हातवारे करत धावून आले. बाईंनी कोटाच्या बाह्या सरसावल्या. ते पोलिशमध्ये, त्या मराठीत. कुणीच मागे हटेना.

तेवढ्यात पालिकेचं बर्फ काढणारं यंत्र घरघरत आलं आणि रस्त्यावरचा बर्फ दोघांच्याही दारात कमरेइतका रचून पुढे निघालं.

“अरे मेल्या, डोळे फुटले का तुझे?” बाई यंत्राच्या चालकावर ओरडल्या. आजोबाही त्याच्यावर मूठ उगारून कडाडले. चालकाने काच वर करून काढता पाय घेतला. मग आजोबांनी फावडं आणलं आणि आधी बाईंचं दार मोकळं करायला घेतलं.

संध्याकाळी लेकीने विचारलं, “आई, शेजारच्यांशी ओळख झाली का गं?”

“झाली की! चांगला माणूस आहे. भांडणात अगदी वेळेवर बाजू बदलतो.”