गावाच्या नजरेआड

जीप नेमेसिया चालवायची, नवरा सेवेरिनो शेजारी बसायचा. शेजारचा इलारिओ दारातली आपली नवी जीप पुसता पुसता रोज ओरडायचा, "काय रे, आजही बायकोच नेतेय वाटतं फिरायला?"

शेवटी सेवेरिनो वैतागला. "मला शिकव बाई एकदाचं. पण गावाच्या नजरेआड."

रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना ती त्याला उयुनीच्या मिठाच्या वाळवंटात पार आत घेऊन गेली. जिकडेतिकडे पांढरंशुभ्र. ना झाड, ना दगड, ना माणूस.

"आता डोळे मिटून चालव," ती म्हणाली. "इथं धडकायला आहेच काय?"

बऱ्याच वेळानं लांबवर एक ठिपका दिसला. त्याची मिठानं माखलेली जीप झाली. सेवेरिनो डावीकडे वळला, तर तीही त्याच बाजूला आली. तो उजवीकडे, तर तीही तिकडेच. ब्रेक सापडेपर्यंत बंपरला बंपर भिडला होता.

"डोळे फुटले का रे तुझे?" सेवेरिनो तणतणत खाली उतरला.



समोर स्टिअरिंगला घट्ट चिकटून इलारिओ बसला होता, आणि शेजारी त्याची बायको कपाळावर हात मारून ओरडत होती, "अरे, ब्रेक मधला म्हणून किती वेळा सांगू तुला!"