आत्याचा निकाल

"आत्या, वीस वर्षं यकृताच्या न् पित्तनळीच्या कॅन्सरवर संशोधन करतेयस, एक तरी पेशंट बरा झाला का गं?" मैत्रिणींनी "विचारून दाखवच" म्हटलं होतं, मी भर जेवणात विचारलं.

"नाही. चार औषधं तपासली. चारही नापास."

बाबा नाकातल्या नाकात हसले. "म्हणजे तूच नापास! तुझ्या बॅचचे लोक हॉस्पिटलं बांधून बसलेत."

"त्या चारांतली दोन औषधं डॉक्टर सर्रास द्यायचे, दादा. माणसं शेवटचे महिने ओकत काढायची. आमचा निकाल आल्यापासून कुणी देत नाही."

"एवढंच?" आईने तोंड वाकडं केलं.

मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. "आईबाबा, ठरलं. मी डॉक्टर होणार, आणि आत्याच्या हाताखाली नापास व्हायला जाणार."