पोटाखालचं चुंबक

बाबांनी गाडी तळहातावर उलटी केली आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

मुठीत मावेल एवढी ती खेळण्यातली लाल गाडी. उद्याच्या मोटारशर्यतीत त्यांच्या लेकीला, भिंगरीला, ती खिशात हवी होती, शकुन म्हणून. त्यासाठी बाबांची सकाळपासून खुडबूड चालली होती. गुळगुळीत झालेले टायर बदलले, चाकांत अडकलेला केसांचा गुंता चिमट्यानं काढला, टपाचा तडा आतून चिकटवला. ट्रॅकवरून वीज उचलणाऱ्या तांब्याच्या जाळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्या बदलायला गाडी उलटी केली, तर पोटाखाली हे चुंबक. त्यांनीच चिकटवलेलं, आणि साफ विसरलेलं!

टेबलभर पसरलेला लंबगोल ट्रॅक, त्यात गाडीची पिन अडकायला खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या. हातातल्या कंट्रोलरचा खटका दाबला की गाडी पळते, सोडला की मंदावते. वळण आलं की सोडायचा, नाहीतर गाडी उडालीच म्हणून समजा. पण तेव्हा भिंगरी लहान होती. गाडी उडाली रे उडाली की भोकाड पसरायची, घर डोक्यावर घ्यायची. मग बाबांनी शक्कल लढवली. चुंबकानं पट्ट्यांना असं काही घट्ट धरलं की खटका दाबून ठेवला तरी गाडी ट्रॅक सोडेना. पोरगी खूश, घरात शांतता.

आता तीच पोरगी खऱ्या लंबगोल ट्रॅकवर खरी गाडी पळवत होती. काल सरावाच्या वेळी बाबा कुंपणाशी उभे होते. बाकी सगळ्यांच्या इंजिनाचा आवाज वळणाआधी उतरत होता. हिचा उतरलाच नाही. गाडीचं शेपूट भिंतीला घासलं, ठिणग्या उडाल्या, आणि शेजारी उभा असलेला मेकॅनिक खुशीत येऊन म्हणाला, “काका, पोरीला भीती म्हणून नाही हो!” तेव्हा बाबा कौतुकानं हसले होते. आता त्यांनी चुंबकावर बोट ठेवलं. वळणावर सोडायचं असतं हे पोरीला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

सांगावं तर ऐन वेळी हिचा हात कापेल. न सांगावं तर... पुढचं त्यांना मनात आणवेना.

“झाली का हो आमची गाडी? की अजून दवाखान्यातच?” भिंगरी दारात उभी होती, हेल्मेट काखेत मारून.

बाबांनी घाईघाईनं स्क्रूड्रायव्हरचं टोक चुंबकाखाली घातलं आणि ते उचकटलं. जाळ्या बसवल्या, गाडी खाचेत ठेवली.

“चालवून बघ,” ते म्हणाले.

तिनं खटका दाबला तो दाबलाच. सरळ पट्ट्यावर गाडी सुसाट गेली आणि वळणावर उडून कपाटावर आदळली.

“अरेच्चा! अहो डॉक्टर, काय करून ठेवलंत हे?” हसत हसत तिनं गाडी परत लावली. गाडी परत कपाटावर. या खेपेला गाडीचा इवलासा आरसा निखळला. भिंगरी हसायची थांबली.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे धरला. तो काळा तुकडा अजून टोकाला चिकटलेलाच होता.

“हे हिच्या पोटाखाली होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“तू स्टुलावर उभी राहून खेळायचीस ना, तेव्हापासून.”

ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या बोटाकडे. “म्हणजे मला येतच नाही, बाबा.”

“येतं गं. तुझ्यासारखं पळवायला कुणाला येतंय? सोडायला तेवढं मी तुला शिकू दिलं नाही.”

“उद्या शर्यत आहे, आणि हे आज सांगताय?”

“मलाच आज कळलं, बाळा.” बाबांनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. “उद्या नको जाऊस. ऐक माझं. कुणी काही म्हणू दे, नको जाऊस.”

तिनं कपाटाखाली हात घालून गाडी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि खाचेत ठेवली.

गाडी सुटली. बाबांनी डोळे गच्च मिटून घेतले. मोटारीची किणकिण चढत गेली, आणखी चढली, आता कपाटावर आदळणार म्हणून त्यांनी खांदे आखडले. तेवढ्यात आवाज उतरला. वळणभर उतरलेलाच राहिला, आणि पलीकडे जाऊन पुन्हा चढला.

त्यांनी डोळे उघडले. भिंगरीच्या कपाळावर घाम आला होता आणि कंट्रोलर धरलेला हात लटलट कापत होता.

“बाबा, भीती वाटली हो मला,” ती म्हणाली.

“वाटू दे,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी ते चुंबक खिडकीतून बाहेर भिरकावून दिलं.