पाहुणी

नैरोबीतल्या मराठी मंडळींचं सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन रणदिव्यांच्या अंगणात झालं; नंतर तिथंच जेवण होतं. मी शिकवते त्याच शाळेत गणित शिकवणारी माझी केनियन मैत्रीण अकिन्यी हौसेनं माझी नारायणपेठ नेसून आली होती.

चहा झाल्यावर उष्ट्या कपांचा ट्रे तिच्या हातात देत रणदिवेकाकू इंग्रजीत म्हणाल्या, “हे घासून टाक.”

ट्रे हिसकावून मी टेबलावर आदळला. “ती शिक्षिका आहे! माझी पाहुणी आहे!”

“अगं, मला वाटलं, कामवाली…”

“का वाटलं, काकू?”

मी अकिन्यीचा हात धरला. “चल, निघू.”

तिनं हात सोडवून घेतला.

“मी का निघू? मला जेवायला बोलावलंय.”

ती टेबलाशी बसली आणि काकूंकडे रोखून पाहत म्हणाली, “वाढा.”