झेल कुणाचा

चितेगावविरुद्धच्या फायनलच्या सकाळी पिशोरला चहाच्या टपरीवर आमच्या संघाच्या चाहत्यांत जुंपली. सीमारेषेवर उभ्या राहणाऱ्या रणजितनं सेमीफायनलला पाच झेल सोडले होते.

“त्याला बसवा अन् मेंढरं राखणाऱ्या सोनाजीला घ्या,” पुंजाराम म्हणाला. “उधळलेलं कोकरू एका हातानं धरतो गडी.”

“बसवा की! अन् शर्ट कुणी दिलेत? रणजितच्या बापानंच ना?” सांडूमामा डाफरले. “अकरा शर्ट, अकरा नावं छापलेली. सोनाजीचं नाव कुठंय त्यात?”

शेवटी गावाला शोभेल असा बेशरम तोडगा निघाला: मैदानात सोनाजी, त्याच्या अंगात रणजितचा शर्ट.

“मंग भोंग्यावर माझं नाव घेतील का?” सोनाजीनं विचारलं.

“शर्टावर हाय ते घेतील. तू गप झेल धर.”

सोनाजीनं चार झेल धरले. दर वेळी भोंगा ओरडला, “वा, रणजितराव!” आणि मांडवात गादीवर बसलेल्या रणजितनं दर वेळी हात हलवला.

सामना जिंकला. उत्कृष्ट क्षेत्ररक्षकाचा चषक घ्यायला रणजित कडक इस्त्रीत स्टेजवर चढला, आणि चषक त्याच्या हातातून निसटला. खाली उभ्या असलेल्या सोनाजीनं तो वरच्यावर धरला.

“दे इकडं,” रणजित खेकसला.

सोनाजीनं अंगातला शर्ट काढून त्याच्या हातात दिला.

“घ्या मालक, तुमचं तुम्हाला,” म्हणाला, आणि उघड्या अंगानं चषक घेऊन मेंढरांकडं निघाला.